घरच्यांचा फोटो आणि नाताळचे कार्ड: एकशेऐंशी वर्षांचा एक वाद

आजचा विषय जाहीर झाल्यावर काही श्रोत्यांनी विचारलं, की नाताळच्या कार्डावर घरच्यांचा फोटो छापून पाठवावा की पाठवू नये, हा काय इतिहासाचा विषय झाला? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं, की इतिहास जसा तहनाम्यांत सापडतो तसा टपालाच्या थैलीतही सापडतो. आणि काही वेळा थैलीतला इतिहास जास्त खरं बोलतो, कारण तो लिहिणाऱ्याला आपण इतिहास लिहितो आहोत हे ठाऊक नसतं.

आधी वाद काय आहे ते पाहू. अमेरिकेत आणि थोड्याफार प्रमाणात इंग्लंडमध्ये दर डिसेंबरात घरोघर कार्डे येतात. त्यांतल्या बऱ्याच कार्डांवर चित्र नसतं, पाठवणाऱ्या कुटुंबाचा फोटो असतो. सगळ्यांचे स्वेटर एका रंगाचे, मुलं हसरी, कुत्रासुद्धा कॅमेऱ्याकडे पाहतोय. खाली छापील शुभेच्छा आणि छापील नावं.

काहींना हे मनापासून आवडतं. लांबच्या भावाची मुलं केवढी झाली ते कळतं, फ्रिजच्या दारावर वर्षभर ती मुलं आपल्याकडे बघत राहतात. काहींना हा शुद्ध दिखावा वाटतो: सण येशूच्या जन्माचा आणि कार्डावर तुमचा बंगला! कुणी म्हणतं, हाताने लिहिलेली एकही ओळ नाही, साधी सही नाही, मग हे पत्र की जाहिरात? आणि एक तक्रार अशी, की साधं कार्ड जानेवारीत टाकून देता येतं, पण दुसऱ्याच्या मुलाचा हसरा फोटो केराच्या टोपलीत टाकवत नाही. खण भरत जातो.

ही भांडणं डिजिटल कॅमेऱ्याने आणली असं आपल्याला वाटतं. तसं नाही. पहिलं कार्ड छापलं गेलं तेव्हापासून हा वाद चालू आहे, आणि गंमत म्हणजे त्या पहिल्या कार्डावरही एक कुटुंबच होतं.

साल १८४३, गाव लंडन. हेन्री कोल नावाचे एक सरकारी अधिकारी होते. रोलंड हिल यांनी १८४० साली इंग्लंडमध्ये एका पेनीत देशभर पत्र पोचवण्याची योजना सुरू केली, तिच्या उभारणीत कोल यांचा हात होता. त्यापूर्वी टपालखर्च अंतरावर ठरे आणि बहुधा पत्र घेणाऱ्याला भरावा लागे. म्हणजे कुणी आपली आठवण काढली तर भुर्दंड आपल्याला! पेनी टपालाने हे उलटं केलं. पाठवणारा पैसे भरू लागला आणि पत्रांचा पूर आला. कोल यांचा गोतावळा मोठा, नाताळात सर्वांना हाताने पत्रं लिहिणं त्यांना जमेना. त्यांनी जॉन कॉलकॉट हॉर्सली या चित्रकार मित्राला एक चित्र काढायला सांगितलं. त्याच्या हजारेक प्रती छापल्या, हाताने रंगवल्या आणि स्वतःला लागतील त्या ठेवून उरलेल्या एक शिलिंगला एक अशा विकायला काढल्या. शिलिंग म्हणजे बारा पेन्स. कार्ड पाठवायला एक पेनी आणि विकत घ्यायला बारा, असा तो हिशेब. गरिबाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हती.

त्या चित्रात तीन भाग होते. दोन्ही बाजूंना भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र देणारी माणसं. मधोमध मोठ्या जागेत एका घरातल्या तीन पिढ्या जेवणाच्या मेजाभोवती बसून, पेले उंचावून, पाहणाऱ्याकडे तोंड करून शुभेच्छा देताहेत. म्हणजे मांडणी आजच्या फोटोकार्डाचीच, नाही का? सगळं घर एका ओळीत आणि सगळ्यांची नजर आपल्यावर.

आणि लगेच टीका झाली. कारण त्या चित्रात एका लहान मुलीच्या ओठांनाही वाइनचा पेला लावलेला होता. दारूबंदीची चळवळ तेव्हा इंग्लंडमध्ये जोरात होती, त्या लोकांना हे खपलं नाही. घरातला आनंद असा जगाला दाखवता आणि त्यात लेकराच्या तोंडी मद्य? मंडळी, हा मुद्दा लक्षात ठेवा. घराचं चित्र दाराबाहेर पडलं की बाहेरचे लोक त्याचा न्याय करायला बसतात. कार्डाला तेव्हापासून हे चुकलेलं नाही.

त्या कार्डावर आणखी एक गोष्ट होती, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. वर ‘प्रति’ आणि खाली ‘कडून’ असं छापून पुढची जागा कोरी सोडली होती. शुभेच्छा छापील, पण नावं हाताने लिहायची. कोल यांनी आपल्या आजीला पाठवलेली त्यातली एक प्रत २००१ साली लिलावात २२,५०० पौंडांना गेली. तिचं मोल वाढलं ते कुणी कुणाला पाठवली हे तिच्यावर राहिलं म्हणून. नातवाने आजीला लिहिलेली दोन-चार अक्षरं.

आता पाच वर्षं पुढे या. १८४८ च्या नाताळात ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने एक चित्र छापलं: विंडसरच्या राजवाड्यात राणी व्हिक्टोरिया, तिचे पती आल्बर्ट आणि मुलं नाताळाच्या सजवलेल्या झाडाभोवती उभी. मध्यमवर्गाला हे चित्र फार भावलं, कारण त्यात राणी सिंहासनावर नव्हती. ती आई होती. इंग्रजांच्या घरोघर झाड आणण्याच्या चालीला या चित्राने मोठा जोर दिला.

दोन वर्षांनी, १८५० साली, अमेरिकेतल्या ‘गोडीज लेडीज बुक’ या मासिकाने तेच चित्र छापलं, पण थोडे फेरफार करून. राणीच्या डोक्यावरचा मुकुट काढला, आल्बर्टच्या मिशा काढल्या, छातीवरचा राजचिन्हांचा पट्टाही काढला. झालं, राजघराण्याचं एक सज्जन अमेरिकन कुटुंब झालं! आज कुणी फोटोतला पसारा पुसून टाकला, मुलाचं हसू दुसऱ्या फोटोतून आणून चिकटवलं, की आपण म्हणतो, काय हा खोटेपणा. पण नाताळातल्या आदर्श कुटुंबाचं जे चित्र अमेरिकेने डोळ्यांपुढे ठेवलं, तेच मुळात दुरुस्त केलेलं होतं. फोटोकार्ड खोटं असतं ही तक्रार करताना एवढं ध्यानात घ्यावं, की ज्या चित्राशी आपण स्वतःच्या घराची तुलना करून झुरतो तसं घर विंडसरमध्येही नव्हतं.

कार्डाचा धंदा पुढे कसा वाढला ते थोडक्यात सांगतो. १८७० साली इंग्लंडमध्ये अर्ध्या पेनीचं पोस्टकार्ड आलं. अमेरिकेत बॉस्टनजवळ लुई प्रँग या जर्मनीतून आलेल्या शिळाछाप मुद्रकाने १८७० च्या दशकात अनेक रंगांत सुरेख कार्डे छापली. दगडावरून रंगीत चित्रं छापण्याची ही विद्या आपल्याला परकी नाही. १८९४ साली मुंबईत राजा रविवर्मा यांचा छापखाना निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून लक्ष्मी-सरस्वती आपल्या घरांच्या भिंतींवर आल्या त्या याच तंत्राने, जर्मन कारागिरांच्या मदतीने. तिकडे त्या तंत्राने नाताळ घरात आणला, इकडे देव.

पण चित्र वेगळं आणि फोटो वेगळा. फोटोचा धागा पॅरिसला सुरू होतो. दिस्देरी नावाच्या छायाचित्रकाराने १८५४ साली भेटकार्डाच्या आकाराचे छोटे फोटो काढण्याचं पेटंट घेतलं. एकाच काचेवर अनेक फोटो, त्यामुळे स्वस्त. १८६० साली लंडनमध्ये मेयॉल यांनी राणीच्या कुटुंबाचे असे फोटो विक्रीला काढले आणि लोकांच्या त्यावर उड्या पडल्या. लोक स्वतःचेही फोटो काढून नातलगांना वाटू लागले, आल्बम भरू लागले.

मग कोडॅक आलं. १९०० साली एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला. १९०३ साली पोस्टकार्डाच्या आकाराची निगेटिव्ह देणारा घडीचा कॅमेरा आला. फोटो काढा, पाठीमागे पत्त्याच्या रेघा छापलेल्या कागदावर उतरवा, तिकीट लावा, पेटीत टाका. त्यात १ मार्च १९०७ पासून अमेरिकन टपाल खात्याने पोस्टकार्डाच्या पत्त्याच्या बाजूला अर्ध्या भागात मजकूर लिहायची परवानगी दिली. पुढची बाजू आता पूर्णपणे फोटोला मोकळी. जून १९०८ ला संपलेल्या एका वर्षात अमेरिकेत ६७ कोटींहून अधिक पोस्टकार्डे टपालात पडली.

या कार्डांत काय असे? माळरानावरचं मातीच्या ढेकळांचं घर, दारात उभे नवरा-बायको, पाच मुलं, एक घोडा. घोडा मुद्दाम आणून उभा केलेला, कारण तो त्यांचा होता. हे कार्ड जायचं हजार मैलांवरच्या आईकडे, नाहीतर समुद्रापलीकडच्या गावी. हा दिखावा होता का? थोडा होताच. पण त्यात निरोप असे, की आई, आम्ही जगलो. या वर्षीही सगळे आहोत.

आणि हा निरोप राजेसुद्धा देऊ लागले. १९१४ च्या नाताळात सतरा वर्षांच्या राजकन्या मेरीच्या नावाने निधी गोळा करून सैनिकांना पितळेच्या डब्या वाटल्या गेल्या. त्या नाताळपर्यंत साडेतीन लाखांहून अधिक डब्या पोचल्या. त्यांच्याबरोबर राजकन्येचं छायाचित्र असे. शिवाय राजा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी यांनी सैनिकांना स्वतःच्या छायाचित्रांचं कार्ड पाठवलं. हा आपल्याशी जोडलेला प्रसंग आहे, बरं का. कारण त्या हिवाळ्यात फ्रान्सच्या चिखलात हिंदी फौज होती आणि तिच्यात खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या तुकड्याही होत्या. ऑक्टोबरात नव्ह-शापेलच्या लढाईत त्यांची फार माणसं पडली होती. हिंदी सैनिकांच्या डब्यांत बरंच सामान निराळं होतं: खडीसाखर आणि मसाल्याची डबी. डबी भरणाऱ्याला एवढं तरी सुचलं, की फ्रान्समध्ये बसलेल्या या माणसाला घरच्या जेवणाची आठवण येत असेल. नाताळ ज्याचा सण नाही अशा माणसाच्या हातात एका परक्या घराचा फोटो आला, तो असा. राजाच्या घराचा. त्याच्या स्वतःच्या घरच्यांचा फोटो त्याच्याकडे बहुधा नसेल. फोटो कुणाचा काढला जातो आणि कुणाचा नाही, हा प्रश्न इथून सुटत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघर कॅमेरे झाले. औषधांच्या दुकानात रोल धुवायला द्यायचा, तिथेच निगेटिव्हवरून शुभेच्छा छापलेली फोटोकार्डे करून मिळायची. १९९९ साली शटरफ्लायसारख्या कंपन्या इंटरनेटवर आल्या आणि घरी बसून कार्ड तयार होऊ लागलं. नावं छापील, पत्तेही छापील. म्हणजे कोल यांनी जी जागा कोरी सोडली होती तीसुद्धा यंत्राने भरली.

आता इतिहासाकडून माणसांकडे येऊ. अमेरिकेतले समाजशास्त्रज्ञ फिलिप कुंझ यांनी १९७० च्या दशकात एक प्रयोग केला. सुमारे सहाशे पूर्णपणे अनोळखी लोकांना त्यांनी नाताळची कार्डे पाठवली, काहींना कुटुंबाच्या फोटोसह. काय झालं? शंभराहून अधिक उत्तरं आली. काहींनी पानंच्या पानं लिहिली, काहींनी स्वतःच्या मुलाबाळांचे फोटो पाठवले. काही घरांशी तर हा व्यवहार पुढे कित्येक वर्षं चालला. यातून विद्वानांनी देवाणघेवाणीचा नियम काढला: दिलं की परत द्यावंसं वाटतं. तो नियम खराच आहे. आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत, त्यातलाच प्रकार. पण आम्हाला त्यात आणखी काही दिसतं. ज्यांनी पानं भरून लिहिलं, त्यांच्या घरी लिहायला कुणी नव्हतं का? एका परक्या कुटुंबाचा फोटो आला आणि त्यांना वाटलं, कुणीतरी आपली चौकशी केली.

दुसरं काम मिकाएला दि लिओनार्दो या मानववंशशास्त्रज्ञ बाईंचं. त्यांनी कॅलिफोर्नियातल्या इटालियन वंशाच्या कुटुंबांचा अभ्यास करून १९८७ साली एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं: कार्डे, फोन, सणाची जेवणं, भेटवस्तू, कुणाला बोलवायचं याच्या याद्या, हे सगळं काम आहे. नाती टिकवण्याचं काम. ते पगाराचं नाही, घरकामातही कुणी मोजत नाही आणि ते बहुतेक सगळं बायका करतात, नवऱ्याकडच्या नातलगांचंसुद्धा. बाई थकली किंवा गेली, की कार्डे थांबतात आणि दोन-चार वर्षांत चुलत घरं एकमेकांना अनोळखी होतात.

मंडळी, हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. संक्रांतीला पाकिटात तिळगुळाच्या पुडीबरोबर छोटं कार्ड घालून गावोगावच्या नातलगांना पाठवायची आपली पद्धत होती. ते पत्ते कुणाच्या वहीत असायचे? आईच्या, आजीच्या, आत्याच्या. त्या वह्या मिटल्या तेव्हा किती घरं यादीतून गेली, ते ज्याचं त्याने आठवून पाहावं.

म्हणून फोटोकार्डावर हसणाऱ्यांना आमचं एक सांगणं असतं. ‘नुसतं छापील पाठवलं’ असं म्हणण्यापूर्वी ते कुणी पाठवलं हे पाहा. नोकरी करून, चार मुलांना एका जागी उभं करून, दीडशे पत्ते जुळवून ज्या बाईने ते पाठवलं, तिच्याकडून दीडशे पत्रांची अपेक्षा करणारे आपण कोण? कोल यांनाही तेच जमलं नव्हतं, म्हणून तर कार्ड जन्माला आलं.

आणखी एक मुद्दा फोटोकार्डाच्या बाजूचा. दुकानातल्या छापील कार्डांवर बर्फातलं घर आणि गुलाबी गालांची मुलं असत. हॉलमार्कने कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ‘महोगनी’ नावाची वेगळी मालिका काढली ती १९८७ साली. तोवर दुकानाच्या मांडणीत स्वतःसारखं कुटुंब शोधणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाच्या हाती फारसं काही लागत नसे. स्वतःच्या घरच्यांचा फोटो हे त्यावर साधं उत्तर होतं. १९६५ नंतर अमेरिकेचे कायदे बदलले आणि आपलीही माणसं तिकडे मोठ्या संख्येने गेली. त्यांतली कितीतरी घरं आज शेजाऱ्यांना आणि सहकाऱ्यांना डिसेंबरात फोटोकार्ड पाठवतात. साडी, कुर्ता, मागे बर्फ. सण कुणाचाही असो, त्या गल्लीत आम्हीही राहतो, हे ते कार्ड सांगतं. जे आधीपासून प्रत्येक चित्रात होते त्यांना याचं अप्रूप कळणार नाही.

मग दुसऱ्या बाजूचं काहीच खरं नाही का? आहे. सगळ्यांत वजनदार तक्रार दिखाव्याची नाहीच. ती फोटोत कोण नाही याची आहे. ज्या घरात यंदा एक माणूस कमी झालं, त्यांनी कुठला फोटो पाठवायचा? तिघांचा पाठवला तर चौथ्याची जागा ओरडून दिसते, मागच्या वर्षीचा पाठवला तर लोक दचकतात, काहीच नाही पाठवलं तर यादीतून नाव जातं. ज्यांचं लग्न मोडलं, ज्यांना मूल नाही, जे एकटे राहतात, त्यांच्या दारात डिसेंबरभर इतरांची भरलेली घरं येऊन पडतात. पाठवणाऱ्याच्या मनात काही नसतं हे खरं. पण एकच कार्ड दीडशे घरी जातं तेव्हा ते कुणाच्या हातात पडतं आहे हे पाठवणाऱ्याला दिसत नाही. छापील गोष्टीचा खरा दोष आम्हाला हा वाटतो: ती सगळ्यांशी एकच बोलते.

तेव्हा आमचं मत विचाराल तर, फोटो जरूर पाठवावा. लाज वाटायचं काही कारण नाही. हॉर्सलींच्या चित्रापासून माळरानावरच्या घोड्यापर्यंत माणसांनी हेच केलं आहे. फक्त यादीवरून एकदा शांतपणे नजर फिरवावी. त्यात चार-पाच नावं अशी सापडतीलच, ज्यांचं हे वर्ष कठीण गेलं. त्यांच्यासाठी छापील कार्ड बाजूला ठेवून हाताने दोन ओळी लिहाव्यात आणि त्यांत आपल्या मुलांच्या बक्षिसांविषयी नाही, तर त्यांच्या घराविषयी विचारावं. गेलेल्या माणसाचं नाव घ्यावं. ते नाव घ्यायला सगळे घाबरतात आणि ते ऐकायला तेच घर आसुसलेलं असतं.

आणि ज्यांच्या हाती असं कार्ड येतं त्यांनी खण भरला म्हणून कुरकुरण्यापेक्षा मागची बाजू वापरावी. फोटोच्या पाठीवर नावं आणि साल लिहून ठेवा. ‘प्रति’ आणि ‘कडून’ ही कोल यांची कोरी जागा आता निदान घेणाऱ्याने भरावी. पन्नास वर्षांनी ते कार्ड कुणाच्या हाती लागलं तर त्याला नुसती हसरी अनोळखी तोंडं दिसू नयेत, ती कोण होती हे कळावं. आमच्यासारख्या इतिहासाच्या लोकांचं तेवढंच मागणं आहे.

पुढच्या व्याख्यानात आपण भारतातल्या पोस्टकार्डाकडे येणार आहोत. १८७९ साली पाव आण्यात सुरू झालेल्या त्या कार्डाने आपल्याकडची पत्रं कशी बदलली, ते पाहू. तोवर कुणाकडे घरात जुनी पोस्टकार्डे असतील तर त्यांच्या पाठी वाचून ठेवा.